पाच वाट्यांची आघाडी

ठण्ण!

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरात वाटी पडली आणि वच्छलाच्या मांडीवर निजलेली सोजर दचकून उठली. पोरीला कडेवर घेऊन आत बघते, तर नवरा, जोतीराम मास्तर, फरशीवर पालथा! समोर ओळीनं पाच वाट्या, पलीकडं तांब्या, मधे लिंबू.

"अहो, हे काय?"

"आघाडीची फळी! वाट्या म्हणजे आपली पोरं, तांब्या बार्शीचा गोलकीपर. उद्या गोल झालाच म्हणून समज!"

वच्छलानं लिंबू उचललं. वरणाला तेवढं एकच होतं.

शाळेच्या संघानं पाच सामन्यांत एकही गोल केला नव्हता. पोरांना चेंडू मारता येत नाही, हे सात रस्त्यावरच्या टांग्याच्या घोड्यालाही कळत होतं. हेडमास्तरांना कसं कळावं? त्यांनी शिकवणारेच बदलायचा सपाटा लावला! आधी ड्रिलमास्तर महादेवप्पा. त्यांच्या तालमीत पाचही जण पाय मिळवून रुबाबात गोलपाशी पोचले. चेंडू तेवढा मागं राहिला! मग आखाड्याचे नागप्पा वस्ताद. रोज दोनशे जोर! पोरं मैदानापेक्षा आरशासमोर जास्त दिसू लागली. शेवटी भूमितीचे जोतीराम मास्तर. जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, पण कोन तोंडपाठ! नागप्पांना मात्र कुणी काढलं नाही. वस्तादाला 'जा' म्हणायची छाती कुणाची?

"एक गोल दाखवा, नोकरी कायम," हेडमास्तर म्हणाले होते. "नाहीतर गाव गाठा."

गाव म्हणजे मोडनिंब. मोडनिंब म्हणजे सासूबाईंची चूल! लग्नानंतर पाच वर्षांनी मिळालेल्या ह्या दोन खोल्यांतला कोनाडासुद्धा वच्छलानं स्वतःच्या हातानं सारवला होता.

सामन्याला ती सोजरला घेऊन शाळेच्या ओसरीवर बसली. शेवटची पाच मिनिटं. गोल कुणाचाच नाही. आणि चेंडू आला तो थेट आपल्या आघाडीतल्या मडिवाळप्पाच्या पायात! समोर एकटा गोलकीपर!

"पंचेचाळीस अंश! पंचेचाळीस अंश!" मास्तर ओरडले.

"आरं बगतोस काय? धर की त्याला!" वस्ताद गरजले.

मडिवाळप्पानं चेंडू सोडला, गोलकीपरची कंबर धरली आणि त्याला आस्मान दाखवलं. चीतपट!

कुस्ती मारली म्हटल्यावर मंडळी गप्प बसतात होय? कुणीतरी हलगी बडवली. वस्तादांनी डोक्यावरचा फेटा सोडून मडिवाळप्पाला बांधला. अख्ख्या संघानं, आपल्या गोलकीपरसकट, त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी काढली! तिकडं पंचांनी बार्शीला फ्री किक दिली. बार्शीची पोरं चेंडू ढकलत, गप्पा मारत, रिकाम्या गोलपर्यंत आली.

गोल झाला! मास्तर म्हणालेच होते.

तिथंच हेडमास्तरांनी संघासाठी नवा माणूस नेमला: संस्कृतचे शास्त्रीबुवा.

संध्याकाळी वच्छला भांडी पोत्यात भरायला बसली. पाच वाट्या मात्र मास्तरांनी पुन्हा मांडल्या होत्या. तांब्या होता, चेंडूच्या जागी पिळलेल्या लिंबाची साल होती.

"माझं गणित बरोबरच होतं," ते पुटपुटत होते. "ही वाटी इथं असती, तर..."

चांगलं खरमरीत बोलायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण तो पडलेला चेहरा बघून तिनं वाट्यांकडं पोतं सरकवलंच नाही.

सोजरनं हनुवटीला बोट लावून सगळ्या वाट्या नीट न्याहाळल्या.

"आई, ह्यात बाबा कुठली वाटी?"