व्हॉल्व्हचं म्हणणं

पाणी वरून खाली येतं, आणि सिद्धांतही. आमच्या हर्सूलच्या वसाहतीत सिद्धांत आधी पोचला, इतकंच.

त्या वर्षी तलावाचा तळ दिसत होता आणि शहर वाढत वाढत पार शेंद्र्याच्या कारखान्यांना जाऊन टेकलं होतं. (पाणी कमी झालं की वस्ती वाढते, हा आमच्याकडचा निसर्गनियम.) अशा आणीबाणीत पाणी समितीनं थेट डॉ. हिमांशूंचं व्याख्यान ठेवलं, ही केवढी दूरदृष्टी! तंत्रज्ञान आणि समाज यांचं नातं हा त्यांचा विषय. ते म्हणाले, "पाइप, पंप, व्हॉल्व्ह यांना निर्जीव समजू नका. निर्णयात तेही माणसांइतकेच सहभागी असतात. त्यांचं ऐकायला शिका." अध्यक्ष दत्तोपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. वसाहतीत त्या आठवड्यात आलेलं तेवढंच.

लगेच ठराव झाला: व्हॉल्व्हचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला हात लावू नये. बैठकीत त्याच्यासाठी खुर्ची, खुर्चीला हार, समोर चहा. (चहापुरतं पाणी होतं. समितीला असतंच.)

रविवारी आमची पाण्याची पाळी, आणि त्याच दिवशी शेजारच्या सरोजिनीबाईंच्या नातीचं बारसं. पाहुणे जमले तरी नळ कोरडा. बाई पदर खोचून चौकात गेल्या, तर पाणी सोडणारा सांडू खड्ड्यात वाकून व्हॉल्व्हशी बोलत होता.

"अरे सांडू, सोड की पाणी! लेकराची आंघोळ राहिलीय!"

"कसं सोडू, मावशी? सकाळपासनं इचारायलोय, नाय बोलत. लई घुम्या हाय."

"सरक, मी फिरवते!"

"नगा, मावशी! साहेब म्हणत्यात, जबरदस्ती व्हती ती."

पाळी गेली. बाळाला पाहुण्यांच्या बाटल्यांतल्या पाण्यानं पुसून पाळण्यात घातलं. सरोजिनीबाई ढसाढसा रडल्या. मलाही फार वाईट वाटलं, पण मी पडलो समितीचा सभासद.

रीतसर चौकशी झाली. व्हॉल्व्ह निर्दोष सुटला. समितीनं नमूद केलं की तो फिरवावा तसा फिरतो, तोंड उघडत नाही, पाणी आलं काय नि गेलं काय, तक्रार करत नाही. सबब वसाहतीचा प्रतिनिधी म्हणून त्याचीच निवड व्हावी. ठराव एकमतानं मंजूर. सरोजिनीबाई तेवढ्या ओरडल्या, पण त्या सभासद नाहीत, नुसत्या पाणी भरतात.

वाचताना तुम्ही हसला असाल. उत्तम. व्हॉल्व्हला तेवढं जमत नाही. बाकी त्याच्यात आणि तुमच्यात समितीला अजून काही फरक सापडलेला नाही.