अर्ध्या ग्रॅमची खाज

खुर्चीतल्या सोनाराचा डावा जबडा बधिर झाला, तेव्हा दातांचे डॉक्टर म्हणाले, “दोनच मिनिटं हं,” आणि शेजारच्या टेबलावर पिस्टन तोलायला बसले.

पिस्टन म्हणजे इंजिनाच्या पोटात मिनिटाला सात हजार वेळा वरखाली उड्या मारणारी ॲल्युमिनियमची वाटी. गाडीत अशा चार असतात आणि चौघींचं वजन सारखं लागतं, नाहीतर इंजिन थंडी वाजल्यासारखं कुडकुडतं. हे चार पिस्टन निवडायला डॉक्टरांना पाच महिने लागले होते. दवाखान्याची जागा त्यांनी एका दुपारी घेतली होती.

या उद्योगाचं मूळ होतं साडू. वर्षातून एकदा हौशी गाडीवाल्यांची शर्यत व्हायची. टेकडीच्या रस्त्यावर एकेकाने गाडी चढवायची आणि खाली माणसांनी घड्याळं धरायची. गेल्या वर्षी साडू सातवे आले आणि डॉक्टर आठवे. गाड्या आठच होत्या. तेव्हापासून घरात जेवायला चार माणसं जमली की साडू वाढणाऱ्याला सांगत, “डॉक्टरांना शेवटी वाढा, त्यांना सवय आहे.”

त्यात बायकोने निर्वाणीचं सांगितलं होतं. तिचा शिवणाचा क्लास जेवणाच्या खोलीत चालायचा आणि आमटीत टाचण्या सापडायच्या. “अहो, या वेळीही दाजी पुढे गेले ना, तर गाडी रस्त्यावर आणि गॅरेज माझं. माझी सहा मशिनं आरामात बसतात तिथे.”

म्हणून हे नवे पिस्टन. डब्यावर ठसठशीत छापलं होतं की चारही वजनाने जुळवलेले आहेत, छेडछाड करू नये. इंजिन जुळवून देणारा म्हातारा फोरमन फोनवर तेच म्हणाला होता, “डॉक्टर, डबा उघडा, बघा आणि बंद करा. हात लावू नका.”

पण दातांच्या डॉक्टरला हात लावू नका म्हणणं म्हणजे मांजराला दुधावर पहारा दे म्हणण्यासारखं. शिवाय दवाखान्यात दाताचा मसाला तोलायचा नाजूक काटा होता, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत सांगणारा. डॉक्टरांनी पहिला पिस्टन ठेवला. तीनशे ग्रॅम. दुसरा, तीनशे पूर्णांक पाच दशांश.

“बघा!” डॉक्टर सोनाराला म्हणाले. “अर्धा ग्रॅम! आणि म्हणे जुळवलेले.”

सोनार तोंडात कापूस कोंबलेल्या अवस्थेत “ऊं” म्हणाला.

डॉक्टरांनी दाढ कोरायचं यंत्र उचललं आणि दुसऱ्या पिस्टनच्या आतून थोडं घासलं. तोललं, तर आता तोच हलका. मग पहिला घासला. मग तिसरा जड लागला. चौथा तर मघाशी बरोबर होता आणि आता उगाचच जड झाला होता. डॉक्टरांची ही जुनी खोड होती. पेशंटला निळा कागद चावायला लावायचा, एखादा दात उंच लागला की घासायचा, मग समोरचा उंच लागला की तो घासायचा. त्यांचे काही पेशंट या मार्गाने कायमचे पातळ आहारावर गेले होते.

सोनाराचा जन्म काट्यापाशी गेला होता. त्याला पाचव्या मिनिटालाच रोग कळला. त्याने छताकडे बोट दाखवलं.

“वरची पण दुखतेय का?” असं म्हणून डॉक्टरांनी तत्परतेने वरच्या दाढेतही इंजेक्शन दिलं.

सोनाराने डोळे पुसले आणि बोट पुन्हा वर करून गोल गोल फिरवलं.

“चक्कर येतेय? येणारच, दोन इंजेक्शनं झाली.” डॉक्टरांनी खुर्ची आडवी केली. आता सोनाराला दुसरं काही दिसेना. डोक्यावर पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने काट्यावरचे आकडे झोक्यावर बसल्यासारखे मागेपुढे होत होते.

शेवटी सोनाराने डॉक्टरांच्या खिशातलं पेन ओढलं आणि स्वतःच्याच केसपेपरवर लिहिलं, ‘अहो शहाणे, पंखा बंद करा.’

पंखा बंद झाला, आकडा गपकन थांबला. डॉक्टरांनी चारही पिस्टन पुन्हा तोलले. सकाळी एकमेकांना तंतोतंत सारखे असलेले ते चार जीव आता चार तऱ्हांचे झाले होते. सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हलका यांच्यात नऊ ग्रॅमचा फरक होता.

“आता हो?” डॉक्टर खचून म्हणाले.

सोनार खुर्चीतून उतरला, बाह्या सारल्या, डॉक्टरांना बाजूला ढकललं आणि स्वतः काट्यापाशी बसला. तो तोलत होता, डॉक्टर घासत होते. संध्याकाळी चारही पिस्टन केसाचाही फरक न उरता सारखे झाले. प्रत्येकी दोनशे सत्तर ग्रॅम. दाढ राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी फोरमनने एक पिस्टन उजेडासमोर धरला. “हे पिस्टन आहेत की चहाची गाळणी?”

“चालतील ना?”

“चालतील की. किती वेळ, ते त्यांना विचारा.”

दुसरे घ्यायला वेळ नव्हता. शर्यत चार दिवसांवर आली होती. फोरमनने देवाचं नाव न घेता, पण बरीच इतर नावं घेत इंजिन जुळवलं. सुरू केलं आणि दोघेही चमकले. हलक्या पिस्टनमुळे ते शेपटीवर पाय पडल्यासारखं किंचाळत सुटलं. अशी चपळ गाडी फोरमनने चाळीस वर्षांत पाहिली नव्हती.

शर्यतीच्या दिवशी ग्रहच फिरले होते. एकाचा क्लच गेला, दोघांची टायरं, एकजण वळण विसरून सरळ झुडपात गेला. डॉक्टरांची पाळी शेवटची होती आणि तोवर, स्वतःच्याही डोळ्यांवर विश्वास न बसता, साडू चक्क पहिल्या नंबरावर होते. एक मिनिट चौदा सेकंद.

“या डॉक्टर,” साडू म्हणाले. “मागे कुणीतरी हवंच.”

डॉक्टर दात आवळून गाडीत बसले, तेवढ्यात फोरमन खिडकीशी वाकला. “एक सांगायचं राहिलं. पहिला येईल त्याचं इंजिन इथेच उघडतात. पिस्टन मूळ वजनापेक्षा दहा ग्रॅमहून हलके निघाले तर बाद.”

“आत्ता सांगताय?”

“तुम्ही पहिले याल असं स्वप्नात तरी आलं होतं का?”

“मग मी दुसरा येतो.”

“या की. म्हणजे साडू पहिले.”

झेंडा पडला. डॉक्टरांनी एक क्षण गॅरेजचा विचार केला, एक क्षण साडूच्या तोंडाचा, आणि पाय दाबला तो तळापर्यंत. गाडी टेकडी चढली नाही, टेकडीच खाली सरकली. एक मिनिट अकरा! रेषा ओलांडली आणि पुढच्याच श्वासाला इंजिनाच्या पोटातून आवाज आला, भांड्यांची मांडणी कोसळावी तसा. पहिला पिस्टन फुटला, त्याच्या तुकड्यांनी उरलेल्या तिघांना गाठलं आणि सगळे मिळून इंजिनाची कूस फाडून रस्त्यावर आले.

तपासनीस तराजू घेऊन आला आणि डोकं खाजवत उभा राहिला. “तोलू काय? इथे तर चुरा आहे. जाऊ दे, निकाल कायम.”

“जाऊ दे कसं?” साडू कडाडले. “हा माणूस तीन सेकंदांनी पुढे जाईल? हा रांगेतसुद्धा पुढे जात नाही! तुकडे तोला!”

“सगळे तुकडे मिळायला हवेत.”

“मी देतो गोळा करून. एक कण सोडणार नाही. नाहीतर उद्या म्हणेल, तुकडे हरवले म्हणून वजन कमी भरलं.”

आणि पांढऱ्या पँटीतले साडू तेलात गुडघे टेकून रस्ता चाळू लागले. जे जे करड्या रंगाचं दिसलं ते त्यांनी तराजूच्या परातीत टाकलं. पिस्टनचे तुकडे टाकले, इंजिनाच्या फाटलेल्या कुशीचे टाकले, दोनचार गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी गाडीचेही टाकले. अर्ध्या तासाने तपासनीसाने परात तोलली.

“बाराशे बारा ग्रॅम,” तो चकित होऊन म्हणाला. “चौघांचं मूळ वजन बाराशे. डॉक्टर, तुमचे पिस्टन तर उलट जड आहेत! जड पिस्टन घालून ही वेळ? मानलं बुवा!”

साडूंनी परातीकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा कप हातात धरला.

प्रश्न राहिला घरी जायचा. डॉक्टरांच्या गाडीत आता इंजिन म्हणावं असं काही उरलं नव्हतं आणि त्या दिशेला जाणारी गाडी एकच होती. साडूंनी आपल्या गाडीमागे डॉक्टरांची गाडी दोराने बांधली.

डॉक्टरांच्या गल्लीत शिरताना साडूंनी काच खाली केली आणि जो हॉर्न धरला तो फाटकापर्यंत सोडला नाही. बायको क्लासच्या मुलींना घेऊन फाटकात आली. तिला आधी दिसले दाजी. मग बारा फूट दोर. मग डॉक्टर.

“अगं, मी जिंकलोय!” डॉक्टर खिडकीतून कप हलवत ओरडले.

“हो हो, दिसतंय की,” बायको म्हणाली आणि मुलींकडे वळली. “चला गं, मशिनं उचला.”