आधी जागा दाखवा

मार्गशीर्षातला पहिला रविवार. फी साडेसातशे रुपये. हजर : भाऊसाहेब, त्यांच्या पत्नी सुमनवहिनी आणि मी. राजवाड्यामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक डॉक्टर चिनी पद्धतीने सुया टोचून उपचार करतात. एकोणतीस पायऱ्या चढून वर गेलो. डॉक्टरांनी हात जोडले, तर भाऊसाहेब म्हणाले, "नमस्कार नंतर, डॉक्टरसाहेब. आधी जागा दाखवा."

जागा म्हणजे बाथरूम. (नावं मी बदलली आहेत. आकडे खरे आहेत.)

सुदामा नगरात भाऊसाहेब माझे शेजारी. गेल्या पाच वर्षांत त्यांना कुणाच्याही घरात दुसरं वाक्य बोलत शिरताना मी पाहिलं नाही, मग घर लग्नाचं असो की सुतकाचं. जागा कळली की ते मोठ्याने म्हणत, "सुमन, जाऊन बघ, साफ आहे का." वहिनी खाली मान घालून आत जात. त्या आल्या की मग हे जात. वहिनींना चार-पाच मिनिटं लागत, यांना अर्धं. मी पीथमपुरात एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो, मोजायची सवय आहे. वहिनी यांच्यासाठी आत झाडूसुद्धा मारून येत असणार, असं मी धरून चाललो होतो आणि मला भाऊसाहेबांचा राग यायचा.

आपलं दुखणं भाऊसाहेबांनी कधी लपवलं नाही. पोह्याच्या दुकानात, समोरच्याच्या तोंडात जिलबी असताना ते सांगत, "ऐसा है भिया, आपली टाकी लहान आणि तोटी ढिली." त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत रिसालदार होते. त्यावरून सकाळी फिरायला येणारी मंडळी म्हणत, आजोबा दिवसभर घोड्यावरून उतरत नव्हते, नातू दर अर्ध्या तासाला उतरतो. भाऊसाहेब सगळ्यांत मोठ्याने हसत.

वहिनी मात्र हसत नसत. त्यांचं माहेर धुळ्याचं. थोरले भाऊ अंथरुणाला खिळलेले, दर रविवारी त्यांचा फोन यायचा, एकदा येऊन जा म्हणून. चार वर्षांपूर्वी ही दोघं बसने निघाली होती. ड्रायव्हरने गाडी थांबवली नाही आणि मानपुरच्या घाटात सीट ओली झाली. तिथेच उतरून दोघं परत आली. हा किस्सा कॉलनीत सांगितला तोही भाऊसाहेबांनीच. तेव्हापासून धुळं बंद.

मी एकदा सुचवलं होतं की माझ्या गाडीने जाऊ, पुरुषमाणूस रस्त्याच्या कडेला उभा राहिला तर कोण विचारतो? ते ताठ झाले. "रिसालदाराचा नातू झाडामागे जात नाही."

डॉक्टरांनी समजावलं ते असं : चिनी वैद्यकाच्या मते मूत्राशय धरून ठेवते ती मूत्रपिंडाची ऊब. थंडी आणि भीती ती ऊब खातात. बेंबीखाली चार बोटांवर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वर सुया, मग सुक्या पाल्याची कांडी पेटवून दुरून शेक. घरी पाय उबदार ठेवायचे, रोज चार अक्रोड खायचे, चहा आणि थंड पाणी कमी करायचं. मुख्य म्हणजे दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं जास्त थांबायला शिकायचं. नेहमीच्या डॉक्टरांची गोळी सोडायची नाही, असंही त्यांनी दोनदा बजावलं. भाऊसाहेबांना सुयांची भीती, म्हणून दर रविवारी वहिनीही पडद्याआड जात. घरी परतताना वहिनींच्या शालीला त्या धुराचा वास यायचा.

दुपारी आम्ही सरावाला निघायचो. गाडी माझी, घड्याळ माझं. आधी राऊपर्यंत, मग महूपर्यंत. वाटेत मी विचारायचो, टाकी किती भरली? "पाऊण," भाऊसाहेब मागच्या सीटकडे बघून सांगत. पौष सरला तेव्हा मानपुर गाठलं. तिथल्या ढाब्यावर सफाई करणारी गेंदाबाई बायकांच्या बाजूला कुलूप लावून ठेवायची, नाहीतर ट्रकवाले घाण करतात. भाऊसाहेबांनी तिच्याशी बोलून ठेवलं. दर रविवारी आमची गाडी दिसली की ती किल्ली घेऊन पुढे यायची, तिला वीस रुपये.

फाल्गुनात एका रविवारी सुदामा नगर ते मानपुर आम्ही कुठेही न थांबता गेलो. एक तास दहा मिनिटं. गाडीतून उतरून वहिनी हसल्या. भाऊसाहेबांनी तिथूनच धुळ्याला फोन लावला. "चैत्रात येतो. पक्का."

फाल्गुन संपायला चार दिवस होते, तेव्हा वहिनी ओट्यापाशी खाली बसल्या त्या उठल्या नाहीत. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. उन्हाळा लागला होता. तरी त्यांच्या पायांत लोकरीचे मोजे होते. शेजारच्या बायकांनी ते काढले आणि त्यांचं काय करावं हे न कळून खिडकीत ठेवले.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन खलघाटला नर्मदेवर निघालो. निघताना दारातच एक बाई दुसरीला म्हणाल्या, "ह्यांच्या टाकीपायी बिचारीला भाऊ दिसला नाही." भाऊसाहेबांनी ऐकलं आणि चप्पल घातली.

सात वाजता निघालो. राऊ गेलं, महू गेलं. मानपुरला मी गाडी हळू केली. "चलने दो," ते म्हणाले. खलघाटला ते कमरेइतक्या गार पाण्यात उभे राहिले. बाहेर आल्यावर दोन कप चहा प्यायले. परत निघालो, घाट चढलो, आणि सवयीने माझी नजर घड्याळाकडे गेली. दहा चाळीस. तीन तास चाळीस मिनिटं झाली होती आणि त्यांनी जागा विचारली नव्हती.

चार मिनिटं, अर्धं मिनिट, शाल, मोजे. सगळे आकडे पाच वर्षं माझ्याकडेच होते.

"भाऊसाहेब, तीन तास चाळीस," मी म्हणालो.

ते बाहेर बघत म्हणाले, "मोजणं बंद करा आता, भिया." मग मानपुरची पाटी दिसल्यावर, "तिला चार लोकांत विचारता यायचं नाही. मला यायचं."

मानपुरला त्यांनीच गाडी थांबवायला सांगितलं. गेंदाबाई किल्ली घेऊन आली, तिने गाडीत वाकून बघितलं. "भाभीजी नहीं आईं?"

भाऊसाहेबांनी मान हलवली. खिशात होते नव्हते ते पैसे तिच्या हातावर ठेवले. "बाई, अब ताला मत लगाना. कोई भी लेडीज आए, पूछना न पड़े."

शेवटी दिले ते पाचशे वीस रुपये. गेंदाबाईला.