हितं काय बी न्हाई

आमच्या नानांना कुणी किती वाजले विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात आणि मग घड्याळावरची बाही हळूच खाली ओढतात. "बंद हाय," म्हणतात. घड्याळ चांगलं टिकटिकत असतं.

नाना म्हणजे माझे चुलत सासरे. ते आमच्यातच राहतात. कासारसाई धरणाच्या वरच्या अंगाला आमचं गाव. गावामागं डोंगर आणि त्या डोंगरात कुठं काय आहे, ते एका नानांना ठाऊक. पण सांगतील तर शपथ. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवतात, ती नाना मिटलेल्या छत्रीत भरून आणतात. वरून पाऊस कोसळतोय, छत्री बगलेत आणि म्हातारा नखशिखान्त भिजलेला. कुणी म्हटलंच, "नाना, छत्री उघडा की," तर म्हणतात, "काडी मोडलीया." संध्याकाळी आमच्या चुलीवर रस्सा रटरटतो, आळीभर वास सुटतो आणि शेजारीण दारात येऊन विचारते, कुठं गावली गं? आता मी काय सांगू? मला कुठं माहिती असतं? तिला वाटतं मी चोरून ठेवते.

रविवारी महाळुंग्याच्या सोसायट्यांमधून हातभर लांबीचे कॅमेरे घेऊन मंडळी येतात. एकानं धनेश पक्ष्याची चौकशी केली. "ते पलीकडच्या खोऱ्यात गेलं," नाना म्हणाले, "हितं काय बी न्हाई." नेमका तेव्हाच डोक्यावरच्या उंबरात धनेश ओरडला. नानांना असा खोकला लागला, की त्या भल्या माणसानं स्वतःची पाण्याची बाटली पुढं केली. ती नाना पिऊनही गेले. मी शेजारीच उभी. कुठं तोंड लपवू असं झालं मला.

तसं त्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं म्हणा. शेजारच्या गावात कुणीतरी एका टँकरवाल्याला झरा दाखवला, त्यानं झऱ्याच्या डोक्यावरच बोअर मारली. आता उन्हाळ्यात त्या गावाला टँकर येतो, त्याच माणसाचा. "सांगितलं की गेलं," नाना म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात तालुक्याहून एक तरुण मॅडम आल्या. गावोगावचे झरे, देवराया, पशुपक्षी यांची माहिती घ्यायची आणि त्यावरून कुठल्या डोंगराला हात लावू द्यायचा नाही ते ठरवायचं, असं काम होतं. मी पंचायतीची सदस्य. मोठ्या ऐटीत म्हटलं, "आमच्या नानांना भेटा, त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही." आणि गेले बचत गटाच्या मीटिंगला.

नानांनी मॅडमना ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि मग सांगितलं. झरा? आटला. देवराई? करवंदीच्या चार जाळ्या. जनावरं? "हायेत की. कुत्री हायेत." मॅडमनी विश्वासानं सगळं लिहून घेतलं. संध्याकाळी मी विचारलं तर नाना म्हणाले, "सांगितलं की समदं."

उन्हाळ्याच्या तोंडाला पंचायतीत कच्चा नकाशा लागला. आजूबाजूचे डोंगर हिरवे, आमचा कोरा पांढरा. पांढरा म्हणजे तिथं राखण्यासारखं काही नाही, खुशाल खोदा. लगेच पायथ्याला जेसीबी येऊन उभा राहिला आणि फार्महाउसच्या प्लॉटचा बोर्डही लागला.

मॅडमना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, माहिती तुमच्याच घरातून मिळाली होती." सदस्यबाई म्हणून मिरवणारी मी, मेल्याहून मेल्यासारखं झालं. हरकत घ्यायला अजून मुदत होती, पण त्यासाठी झरा प्रत्यक्ष दाखवायला हवा होता. आणि तो कुठं आहे ते गावात कुणालाच सांगता येईना. नानांनी जन्मभर काम इतकं चोख केलं होतं.

नानांना आधी कळेचना. "म्या तर राखायलाच न्हाई म्हणलं," असं दोनतीनदा म्हणाले. मग कळलं, तसा हातातला घास ताटातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून पारावर बसणं बंद. दुकानात जायचं तरी घरांच्या मागून. पारावरची माणसं त्यांना एका शब्दानं बोलली नाहीत आणि तेच त्यांना जास्त लागलं. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण खाली घातलेली ती मान बघून रागसुद्धा धड करता येईना.

एका सकाळी चपला घालून माझ्यापुढं उभे राहिले. "बोलव तुझ्या मॅडमला."

करवंदीच्या जाळ्यांतून वाकून वाकून आम्ही चढलो. नाना पुढं, फांद्या बाजूला सारत. एका कातळाच्या पोटात झरा होता, भर उन्हाळ्यात वाहता. पाण्याजवळ समोरासमोर दोन सपाट दगड मांडले होते.

"इथं कोण बसायचं, आजोबा?" मॅडमनी विचारलं.

नाना दुसरीकडं बघत म्हणाले, "घर माणसांनी भरल्यालं. थोरल्यांच्या म्होरं बायकूशी बोलायची सोय न्हवती. ती सरपणाला यायची, मी गुरांमागं. हितं बसून बोलायचो. झरा तिलाच गावला. म्हणली, कुणाला सांगू नगासा."

नानी, माझी चुलत सासू, मी लग्न होऊन आले त्याच वर्षी गेली. इतकी वर्षं मी समजत होते, की म्हातारा अळंबीच्या लोभानं लपवाछपवी करतो. मला त्या दगडांकडं बघवेना.

मॅडमनी जागेचे फोटो काढले. झरा नकाशात आला, की खालचं खोदकाम थांबवावं लागेल, म्हणाल्या. मग विचारलं, "नाव काय लिहू झऱ्याचं?"

नाव कुठून असणार? दोघांखेरीज कुणाला तो माहीत होता? नानांनी माझ्याकडं पाहिलं. "तूच सांग, सूनबाई. म्या तिला कदी नावानं हाक मारली न्हाई."

"सरूबाईचा झरा," मी म्हटलं. मॅडमनी लिहून घेतलं.

"आता हे समद्यांना कळंल?" नानांनी विचारलं.

"हो आजोबा. सगळ्यांना."

"कळू द्या," नाना म्हणाले आणि आमच्याकडं पाठ करून त्यातल्या एका दगडावर बसले.