लिंबाजीकाकांची गिरणी आणि सकाळची गोळी

आमच्या जवळा बाजार गावात ज्वारीचा एक डबा दळून आणायला अख्खी सकाळ जायची, कारण गिरणी लिंबाजीकाकांची होती. दळण दहा मिनिटांचं. बाकीचा वेळ काका गिरणी साफ करायचे. एक डबा झाला की मोटार बंद, पट्टा खाली, दगड उघडा. कुंच्यानं झाडायचं, फडक्यानं पुसायचं, मग आत बॅटरी मारून म्हणायचे, "एक डाव बघतो." असा 'एक डाव' सात वेळा व्हायचा. शेवटी दगड बसायचा आणि नेमकी लाईट जायची.

"काका, पोरीचं लग्न जमलंय. तवर तरी मिळंल का पीठ?" एखादी विचारायची.

"तारीख सांगून ठेवा," काका शांतपणे म्हणायचे.

हिंगोली जिल्हा परभणीपासून नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. मी कॉलेज अर्धवट टाकून एका संघटनेची पत्रकं लिहीत होतो. अन्याय दिसला की पत्रक. एकदा माझ्या आईचं दळण झालं आणि काकांनी लगेच दगड उघडून पुसायला घेतला. आम्ही बौद्धवाड्यातले. मागं उभी असलेली एक बाई कौतुकानं म्हणाली, "लिंबाजी लई सोवळ्याचा माणूस." माझं डोकं सणकलं. घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा: 'गिरणीच्या दगडालाही विटाळ होतो काय?'

छापण्याआधी पुरावा हवा म्हणून दुसऱ्या दिवशी गिरणीसमोर बसून मोजत राहिलो. पाटलाच्या दळणानंतर सात वेळा. पुजाऱ्याच्या दळणानंतर सात. काकांच्या सख्ख्या भावाच्या दळणानंतर नऊ. एवढी समता मी आमच्या सभांमध्येही पाहिली नव्हती. पत्रक फाडलं आणि सरळ जाऊन विचारलं, "काका, हे काहून करता?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "काच," ते म्हणाले.

"कुठाय काच?"

"न्हाई दिसत. म्हणून तर बघावं लागतं."

आठ वर्षांपूर्वी गिरणीत एका बाईची बांगडी फुटली होती. काकांनी तुकडे वेचून, जमिनीवर जुळवून, पुरी बांगडी तयार केली होती. तरी तेव्हापासून मन म्हणत होतं की एक कण राहिला. तो कुणाच्या तरी भाकरीत जाणार, भाकर लेकराच्या पोटात जाणार. "काच न्हाई हे मला बी कळतं," काका म्हणाले, "पण मन ऐकून राहिलं न्हाई. आता गिरणी इकून टाकतो. एखादं लेकरू गेलं तर मी कुठं तोंड दाखवू?"

गिरणी म्हणजे त्यांचा सगळा जीव होता. गिऱ्हाईक दुसरीकडं वळत चाललंच होतं. काकूनं एका महाराजाकडून मंतरलेलं लिंबू आणून मोटारीवर बांधलं होतं. त्यानं एवढंच झालं की पुसायच्या वस्तूंत एका लिंबाची भर पडली. अशा महाराजांबद्दल मला जे म्हणायचं होतं ते मी काकूसमोर सविस्तर म्हटलं आणि काकांना घेऊन नांदेडची गाडी पकडली.

तिथल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी तासभर ऐकून घेतलं. याला मंत्रचळ म्हणतात, त्या म्हणाल्या, हा आजार आहे, वेड नाही आणि पाप तर नाहीच. उदासीवर देतात तीच गोळी यावरही चालते. आधी कमी डोस, मग मी वाढवीन. गुण यायला दोन-तीन महिने लागतील. सुरुवातीला मळमळेल, गुंगी येईल. जास्तच बेचैनी वाटली, जिवाचं बरंवाईट मनात आलं, तर त्याच दिवशी यायचं. दारू बंद. दुसऱ्या कुठल्याही दुखण्याची गोळी, काढा, पुडी मला विचारल्याशिवाय नाही. बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायची नाही; बंद करायची वेळ आली की मी हळूहळू कमी करीन. आणि ही गोळी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. सोबत सराव सांगितला: दगड एकदाच बघायचा, मन कितीही ओरडलं तरी मोटार चालू करायची.

काकांनी सगळं ऐकलं. "म्याडम, गोळीत काच नसंल ना?"

"नाही."

"एक डाव बघता का?"

बाईंनी बघितलं नाही. उपचार तिथूनच सुरू झाला.

घरी वेगळीच भानगड. गोळी घेतली की काकांना वाटायचं, घेतली का न्हाई? तिसऱ्याच दिवशी ते दुसरी गोळी तोंडात टाकत होते, काकूनं हात धरला. मग मी नियम घातला. पाकीट काकूच्या पेटीत. सकाळी गोळी काकूनं द्यायची आणि कॅलेंडरवर खूण करायची. एखादी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. काका ती खूण तपासायला दिवसभर घरी येऊ लागले, तेव्हा काकूनं कॅलेंडरच भिंतीकडं तोंड करून टांगलं.

महिनाभर काही फरक नाही. "पत्रकवाले, तुमची गोळी झोपून राहिली," काका टोमणा मारायचे. तिसऱ्या महिन्यात सातावरून तिनावर आले. मग एकावर. रांग परत लागली. इकायची भाषा बंद झाली.

आणि दसऱ्यानंतर काका परत पाचावर गेले. चक्कर येते म्हणायचे, गिऱ्हाइकावर खेकसायचे, डोक्यात मधेच करंट बसल्यासारखं होतंय म्हणायचे. मी काकूला विचारलं. काकू म्हणाली, एक खूण चुकली न्हाई, गोळी मी हातावर ठेवते. मग मी काकांना गाठलं.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत दोन गोळ्या. एक दिवस घ्यायची, एक दिवस हातचलाखीनं खिशात टाकायची, असं चाललं होतं. तांड्यावरच्या शेवंताबाईसाठी. चार तिला देऊनही झाल्या होत्या.

"तिच्या हाताची सालं निघून राहिली," काका म्हणाले. "राखेनं घासते, दिवसातून किती डाव कोण जाणे. दळण ठेवते अन् पदरात हात लपवते. मी वळखलं. तिला कोणी नांदेडला न्हेत न्हाई, करणी झाली म्हणतात."

मी भडकलो. तिला दिवस गेले असतील तर? ती दुसरं काही औषध घेत असेल तर? दुखणं वेगळंच निघालं तर? आणि चोरून निम्म्या गोळ्या सोडून तुमची काय दशा झाली, बघा.

काका खाली बघत होते. "बराबर हाये तुमचं. पण तुमच्या आधी आठ वर्षांत मला कोणी इचारलं न्हाई की लिंबाजी, काय होतंय. तिला मी इचारलं. इचारल्यावर रिकाम्या हातानं कसं लावून देऊ?"

मी पुडी ताब्यात घेतली आणि काकांना सोबत घेऊन निघालो.

एसटीडीवरून बाईंना फोन लावला. त्या काकांना म्हणाल्या, ठरलेली गोळी रोज घ्या, भरपाई म्हणून जास्त घेऊ नका आणि लगेच भेटा. शेवंताबाईला तपासल्याशिवाय एकही गोळी देऊ नका, दिलेल्या चारांचं मला आल्यावर सांगा.

तिला आणायचं काम काकांनी स्वतःवर घेतलं. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, गिरणीच्या सगळ्यात मोठ्या दिवशी, गिरणी बंद ठेवून ते तांड्यावर गेले आणि तिच्या नवऱ्यासमोर बसले. "मला हेच हाये. मी येडा दिसतो का?"

नवऱ्यानं नीट निरखून पाहिलं. "थोडे."

"पयले जास्त दिसायचो."

नवऱ्याला हे पटलं. तो आला, पण दवाखान्याच्या फाटकापाशी थांबला. ओळखीचं कोणी बघेल म्हणाला. शेवंताबाई आत आली ती काकांच्या मागं मागं. केसपेपरच्या खिडकीतल्या बाईनं कागद पुढं ओढून नाव, गाव, वय विचारलं. मग काकांकडं बघून म्हणाली, "आणि तुम्ही पेशंटचे कोण?"

काकांनी विचार केला. "हिचं अन् माझं दुखणं एकच दिसतं," ते म्हणाले. "त्याला तुमच्यात काय म्हणतात ते लिवा."

खिडकीतल्या बाईनं लिहिलं, भाऊ. काका शेवंताबाईच्या शेजारी बाकड्यावर जाऊन बसले आणि नंबर येईपर्यंत उठले नाहीत.