यल्लप्पाकाका आणि न हलणारी वीज

यल्लप्पाकाका कोणाच्याही घरी गेले, की आधी फ्रीज ऐकतात. खिशात कायम एक लांब स्क्रूड्रायव्हर असतो. त्याचं टोक यंत्राला, मूठ कानाला. मग निकाल : "अजून चार महिने." आमच्या फ्रीजला असे चार महिने मिळत तीन वर्षं झाली.

काका टॉवेलच्या कारखान्यात बॉयलरवर होते. साखर पेठेत आमची भिंतीला भिंत. त्यांचा सिद्धान्त एकच : "हलतंय ते थांबतंय."

सूर्यापासून दूर जाणाऱ्या यानांना प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज मिळते, हे त्यांनी मी काम करतो त्याच पेपरात वाचलं. ती मिळवायच्या दोन पद्धती. एकीत दोन वेगळ्या पदार्थांचे सांधे तापतात आणि थेट वीज देतात. काहीच हलत नाही. दुसरीत पिस्टन चालतो. तेवढ्याच उष्णतेत वीज साधारण चौपट. तेव्हापासून काकांनी संपादकांच्या नावे अकरा पत्रं माझ्या हाती दिली. मागणी एकच : यानात पिस्टन नको.

"काका, चौपट वीज मिळते," मी म्हणालो.

"चौपट काय, धापट दे की! बंद पडला तर तितं पाना घेऊन कोण जाणार? तुमी?"

आतून काकू हसल्या, हसताना खोकल्या. "ह्यान्लाच पाठवा की. माझ्या कानाला लई आराम हुईल."

काकूंनी आयुष्यभर कारखान्यात रिळांवर सूत भरलं. रुईच्या धुळीनं फुप्फुसं गेली. आता घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. त्यातही पिस्टन आहे, हे काकांनी पहिल्याच दिवशी ऐकून ओळखलं. पहिलं पत्र त्याच आठवड्यातलं. तेव्हापासून ते गल्लीबाहेर गेलेले नाहीत.

मे महिन्यात एका दुपारी वीज गेली. भिंतीपलीकडे मशीन शिट्टी देऊन थांबलं. मी पोचलो तोवर काकांनी नळी मशीनशेजारच्या राखीव सिलिंडरला जोडली होती. काटा तीनदा पाहिला.

"बसा काका. झालं आता."

ते बसले नाहीत. स्क्रूड्रायव्हर खिशातच राहिला. वाकून त्यांनी कान थेट काकूंच्या पाठीला लावला आणि डोळे मिटले.

"किती महिने म्हणतंय?" काकूंनी विचारलं.

वीज आली, पंखा फिरला, मशीन पुन्हा धडधडू लागलं. त्यांचा कान तिथून हलला नाही.