मधुभाई आणि रिकामं पाळणाघर

प्रिय नातवंडांनो, ईरा आणि निखिल,

ईराने कळवलं, की तिला एका सामाजिक संस्थेत नोकरी लागली आहे. नवे प्रकल्प शोधायचे आणि त्यांना पैसा देणारे लोकही शोधायचे, हे तिचं काम. वर पुस्ती जोडली, "आजी, तुला हे समजावून सांगणं कठीण आहे." ईरा बाळा, अजिबात कठीण नाही. आमच्या शेजारी मधुभाई राहतात. तू कामावर रुजू होण्याआधी त्यांची ओळख करून दिलेली बरी, म्हणून आजच लिहायला बसले.

मधुभाईंना कुठेही आणि कशातही 'स्कोप' दिसतो. मागे आमच्या गल्लीतले एक गृहस्थ वारले. आम्ही सगळे अंगणात माना खाली घालून बसलो होतो. मधुभाई माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मॅडम, आपल्या तालुक्यात दुःखी लोकांसाठी एकही समुपदेशन केंद्र नाही. फार स्कोप आहे." तिरडी अजून बांधून व्हायची होती.

वापीच्या एका कारखान्याचा रंग त्यांनी हयातभर विकला. निवृत्तीनंतर इथल्या एका संस्थेने त्यांना नव्या संधी शोधायला नेमलं. रंग विकणं आणि गरिबी विकणं यात त्यांना फारसा फरक वाटला नसावा. दोन्हीकडे आधी नमुना दाखवावा लागतो. तेव्हापासून भर मे महिन्यातही अंगात ढीगभर खिशांचं जाकीट घालून ते डहाणू-तलासरी पालथं घालत असायचे.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, म्हणून त्यांचे प्रस्ताव माझ्याकडे तपासायला यायचे. एकात 'एकाकी, दुर्लक्षित, सुशिक्षित वृद्धा' असा उल्लेख होता.

"ही कोण?" मी विचारलं.

"आपणच, मॅडम. नमुना म्हणून. वाईट वाटून घेऊ नका, दुर्लक्षित असल्याशिवाय मंजुरी मिळत नाही."

मी तो शब्द खोडला. त्यांनी तो पुन्हा लिहिला.

एकदा ते मला सायवनला घेऊन गेले. एका पाड्यावर झाडाखाली बायका जमवल्या होत्या. मधुभाई म्हणाले, "ताई, तुमची गरज सांगा."

"पाणी."

"पाणी दुसऱ्या संस्थेकडे आहे. दुसरी सांगा."

"रस्ता."

"तो सरकारचा. जरा छोटी गरज सांगा ना."

मागे बसलेली एक म्हातारी हसली. "तूच सांग रे भाऊ, कोणती गरज आणलीस? ती घेतो आम्ही."

मधुभाईंनी गंभीरपणे 'कौशल्यविकास' असं सांगितलं. सगळ्यांनी हात वर केले. परतताना ते खुशीत होते. "बघितलंत, मॅडम? एकमत!"

पण त्यांचा सगळ्यात लाडका प्रकल्प म्हणजे धाकटी डहाणूच्या कोळीवाड्यातलं पाळणाघर. आया मासळी विकायला गेल्या, की मुलांनी राहायचं कुठे, म्हणून काढलेलं. जमनाबाई नावाची एक मासळीवाली आहे, तिच्या दिराची जाळी ठेवायची खोली मागून घेतली. रंग अर्थातच मधुभाईंनी निवडला, गुलाबी. पाळणे आले, पंखा आला, भिंतीवर हत्ती आले. वेळ ठरली दहा ते पाच.

आता बोटी खाडीत शिरतात त्या भरतीच्या पाण्यावर, आणि भरती रोज पुढे सरकते. बायकांना मूल ठेवायचं असतं ते बोट लागते तेव्हा. कधी पहाटे, कधी ऊन कलल्यावर.

जमनाबाई म्हणाली, "मधुभाई, पाणी येईल तसं उघडा."

"ताई, भरती ऑफिसच्या टायमिंगमध्ये बसत नाही. मंजुरी दहा ते पाचची आहे."

"मग पोरंपण मंजुरीचीच आणा."

मुलं आली नाहीत. आल्या म्हाताऱ्या. टोपली उचलायचं वय सरलेल्या, घरात सांभाळायला मूल न उरलेल्या. पंख्याखाली गार लादीवर बसून त्या सुकट निवडायच्या, भांडायच्या आणि पानाचे डबे पाळण्यात ठेवायच्या.

"मावशी, हे लहान मुलांसाठी आहे," मधुभाई म्हणायचे.

"आम्ही काय म्हाताऱ्याच जन्मलो?"

मग पैसा देणाऱ्यांचा निरोप आला. पाहणीला येतो, मुलं दिसली नाहीत तर केंद्र बंद. मधुभाई धावत माझ्याकडे आले. "मॅडम, तुमच्या ओळखीत दोन-तीन वर्षांची मुलं आहेत का? एका सकाळपुरती."

"उसनी मुलं, मधुभाई?"

"उसनी नाही हो. प्रातिनिधिक."

मी दार दाखवलं. जमनाबाईने मात्र होकार दिला. "आमची सासू तिथे बसते म्हणून घरात शांतता आहे. खोली गेली तर ती दिवसभर माझ्या डोक्यावर. आणतो आम्ही पोरं."

पाहणीच्या दिवशी भरती दुपारची होती, त्यामुळे आया मोकळ्या होत्या. पावडर लावलेली मुलं पाळण्यांत बसली. म्हाताऱ्यांना मधुभाईंनी आत यायला बंदी केली होती. त्या बाहेर भिंतीला टेकून बसल्या, पदर डोक्यावर ओढून. मीही गेले होते, मजा बघायला. पाहुण्या बाई खूश झाल्या. फोटो झाले. सगळं पार पडल्यात जमा होतं. निघताना बाईंनी सहज विचारलं, "या बाहेर कोण?"

मधुभाईंनी दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "खोली यांची आहे, मॅडम. ही मुलं तुम्ही गेल्यावर घरी जातील."

केंद्र बंद झालं. मधुभाईंची नोकरीही गेली. हातातला सौदा असा घालवणारा माणूस मी प्रथमच पाहत होते. मी कारण विचारलं.

"बाहेर ऊन होतं हो," ते म्हणाले.

पुढे काही दिवस ते दिसले नाहीत. दुपारी घराला कुलूप. शेवटी मी रिक्षा करून धाकटी डहाणूला गेले. खोलीचं दार उघडंच होतं. अर्ध्या जागेत दिराची जाळी परत आली होती, उरलेल्या अर्ध्यात म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध जाकिटाची उशी करून मधुभाई घोरत होते. मी हाक मारणार, एवढ्यात जमनाबाईच्या सासूने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू, बाई. बायको गेल्यापासून घरी डोळा लागत नाही त्याला. खोली उघडल्यापासून दुपारचा इथेच झोपतो. दहा ते पाच हवं होतं ते त्यालाच."

एवढं बोलून तिने त्यांच्या अंगावरची माशी हाकलली आणि सुकट निवडायला घेतली.

ईरा, तुझ्या कामाबद्दल मला एवढंच ठाऊक आहे. संस्था आता तिथे नाही. पाळणे त्यांनी परत नेले. खोली रोज उघडते, म्हाताऱ्या येतात, आणि मधुभाई दुपारी तिथे झोपतात.

तुमची,
आजी